रुस्लान

रुस्लान उतरतो, धावपट्टी सोडून तळाच्या एका कडेला येऊन उभा राहतो, इंजिनं बंद होतात, आणि मग तो गुडघे टेकतो. हे त्याचं पाहण्यासारखं रूप. आधी चालककक्षाच्या पुढचं सबंध नाक बिजागरीवर वर उचललं जातं, इतकं वर की वैमानिकांच्या काचांसमोर तेच येऊन उभं राहतं. मग पुढच्या चाकांजवळ पोटातून दोन जाडजूड पाय बाहेर निघतात, जमिनीला टेकतात आणि नाकाकडचा सगळा भार स्वतःवर घेतात. मोकळी झालेली चाकं वर ओढली जातात. रिकामा असतानाही पावणेदोनशे टनांच्या आसपास भरणारा हा देह इंचाइंचानं पुढं झुकतो. उघड्या जबड्यातून रॅम्प टप्प्याटप्प्यानं उलगडत जमिनीपर्यंत येतो. सगळं काम काही मिनिटांचं. तेवढ्या वेळात भोवतीची माणसं आपोआप दोन पावलं मागं सरतात.

असं गुडघे टेकण्याची सोय त्याला जन्मापासून आहे, कारण तो ओझ्यासाठीच घडवला गेला. ज्या गावात ना क्रेन ना धक्का, तिथंही माल स्वतःच चढवायचा आणि स्वतःच उतरवायचा, ही त्याची अट. त्याच्या पोटात छताला लावलेल्या क्रेन आहेत, ओढायला विंच आहे, जमीन टायटॅनियमची आहे. चाकं चोवीस: पुढं चार, मागं दोन्ही अंगांना दहा-दहा. पंखांचा विस्तार 73 मीटर. त्याचं कागदोपत्री नाव अंतोनोव एएन-124. रुस्लान हे घरचं नाव, पुश्किनच्या काव्यातल्या वीरावरून ठेवलेलं. 24 डिसेंबर 1982 ला त्यानं कीव शहरातून पहिलं उड्डाण केलं. 1985 च्या जुलैत त्यानं 171 टनांचं वजन पावणेअकरा किलोमीटर उंचीवर नेऊन दाखवलं. मे 1987 मध्ये न थांबता, साडेपंचवीस तासांत, सोव्हिएत संघाच्या सीमेलगत वीस हजार किलोमीटरांचा फेरा मारला. एकूण विमानं बनली जेमतेम पंचावन्न, काही कीवमध्ये, काही व्होल्गाकाठच्या उल्यानोव्स्कला. इंजिनं मात्र सगळ्यांची युक्रेनच्या झापोरिझियाची.

पुण्याशी त्याचा संबंध 1997 पासूनचा. विमाननगर, धानोरी, कळस या भागांत राहणाऱ्यांना सुखोई लढाऊ विमानांचा आवाज पाठ आहे. बोलणं मध्येच थांबवायचं, आवाज ओसरू द्यायचा, मग तेच वाक्य पुढं चालू करायचं, ही सवय तिकडच्या घराघरांत आहे. पण ज्या विमानाच्या गर्जनेनं खिडक्या थरथरतात, ते पुण्यात आलं तेव्हा उडत आलं नव्हतं. त्याला पंखही नव्हते. ते रुस्लानच्या पोटात बसून आलं.

30 नोव्हेंबर 1996 ला भारतानं रशियाशी 40 सुखोई-30 विमानांचा करार केला. विमानं बनत होती सैबेरियात, बैकाल सरोवराजवळच्या इर्कुत्स्कच्या कारखान्यात. इर्कुत्स्क ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. सुखोईची एका दमाची मजल तीन हजारांची. मध्ये मंगोलिया, चीन, तिबेट आणि हिमालय. लढाऊ विमान, मग त्यावर एकही अस्त्र नसो, दुसऱ्या देशाच्या आकाशातून जायचं तर त्या देशाची परवानगी लागते, आणि अशी परवानगी मिळणं हे त्या दोन देशांच्या संबंधांवर ठरतं. वळसा घालून आणायचं तर वाटेत थांबे हवेत, प्रत्येक थांब्यावर त्या विमानाची ओळख असलेले तंत्रज्ञ हवेत, इंधन हवं, राखण हवी, आणि परक्या तळावर बिघाड झाला तर सुटा भाग कुठून आणायचा, याची तजवीज हवी. शिवाय नव्या इंजिनाचे तास मोजून दिलेले असतात. त्यातले बरेचसे घरी पोहोचण्यातच संपवायचे, हे कुठल्या वायुदलाला परवडेल? त्यापेक्षा मालवाहू विमानानं उचलून आणणं सोपं. मालवाहू विमान म्हणजे आकाशाला एक साधी खेप. तिच्या पोटात काय आहे हे कागदावर लिहिलेलं असतं, दिसत नाही.

लढाऊ विमानाच्या बातमीत आपण किंमत वाचतो, वेग वाचतो, क्षेपणास्त्राचा पल्ला वाचतो. ते कारखान्यातून विकत घेणाऱ्याच्या दारात कसं पोहोचलं, हे कुठं छापून येत नाही. मला तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. कारण त्या प्रवासाइतकं ते विमान पुन्हा कधीच असहाय नसतं.

पोटाची रुंदी 6.4 मीटर, उंची 4.4 मीटर. सुखोईच्या पंखांचा विस्तार 14.7 मीटर, उभं केलं तर शेपटीपर्यंतची उंची सहा मीटरांच्या वर. म्हणजे आहे तसं ते आत जाणंच शक्य नाही. कारखान्यात बनवून, उडवून, तपासून झालेलं विमान पुन्हा उकलायचं. टाक्यांतलं इंधन काढून घ्यायचं. पंख उतरवायचे, शेपटीचे उभे पडदे उतरवायचे, नळ्यांची तोंडं टोपणांनी बंद करायची, तारांचे जोड सोडून त्यांना खुणेच्या पट्ट्या बांधायच्या. उरतो तो नुसता धडाचा भाग, मान काढून बसलेला. असे दोन सुखोई रुस्लानच्या एका खेपेत मावतात. पंख वेगळ्या चौकटींत, आवरणात गुंडाळून, भिंतीशी बांधलेले.

उतरवताना खरी परीक्षा. रॅम्पवरून धड मागच्या बाजूनं किंवा पुढच्या, हातभराच्या अंतरानं बाहेर सरकतं. विंचची तार ताठ असते, ती ढिली पडू द्यायची नाही. दोन्ही अंगांना माणसं चालतात, डोळे भिंत आणि विमान यांच्यामधल्या फटीवर. लोडमास्टर समोर उभा राहून हातांनी खुणा करतो; त्याची मूठ आवळली की सगळं थांबतं. बोलणं फार होत नाही, कारण एका वेळी एकाच माणसाचं ऐकायचं हा तिथला नियम. चाक रॅम्पच्या सांध्यावर चढताना धडाला एक बारीकसा धक्का बसतो, तेवढ्यानं सगळ्यांचे श्वास अडकतात. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाण्यासाठी बनवलेली वस्तू इथं गोगलगायीच्या गतीनं चाललेली असते, आणि या चालीत घाई केली तर तिचं जेवढं नुकसान होईल तेवढं एखाद्या चकमकीतही होणार नाही.

रुस्लानबरोबर येणारी माणसंही त्याच्यासारखीच. पुढच्या भागात वरच्या मजल्यावर चालकदल बसतं: दोन वैमानिक, दोन फ्लाइट इंजिनिअर, दिशादर्शक आणि रेडिओवाला. त्यांच्याशिवाय तंत्रज्ञ आणि लोडमास्टर असतात, कारण परक्या तळावर बिघडलेलं दुरुस्त करायला दुसरं कोण येणार? झोपायला बंक, जेवायला छोटंसं स्वयंपाकघर. एका देशात माल भरायचा, दुसऱ्यात इंधन घ्यायचं, तिसऱ्यात उतरवायचं, आणि आलेल्या वाटेनं परत.

माल उतरला की रुस्लान निघून जातो. पंख जोडायला रशियन तंत्रज्ञ मागं राहतात. जोडणी होते, जमिनीवर इंजिनं चालवून पाहतात, मग कारखान्याचा वैमानिक ते उडवून बघतो, आणि त्यानंतरच कागदांवर सह्या होऊन विमान घेणाऱ्याच्या नावावर चढतं. 11 जून 1997 ला पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई वायुदलात दाखल झाले तेव्हा पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल हजर होते. 27 सप्टेंबर 2002 ला सुखोई-30 एमकेआय दाखल झालं, तोही सोहळा लोहगावचाच. भाषणं झाली, विमानांनी आकाशात कसरती केल्या. ज्यानं त्यांना इथवर आणलं तो त्या मांडवात नव्हता. नवरीबरोबर सासरी जाऊन, तिला तिथं रुळवून, सत्कार न घेता माघारी फिरणाऱ्या पाठराखिणीचं काम त्यानं केलं होतं.

असं म्हटलं तरी, विमानानं स्वतः उडत येण्याची रीतही आपल्याला जुनीच. 1953 च्या ऑक्टोबरात फ्रान्सहून तूफानी विमानं उडत पालमला पोहोचली. डिसेंबर 1983 मध्ये नौदलाचे पहिले तीन सी हॅरिअर इंग्लंडहून निघाले आणि माल्टा, लक्सर, दुबई असे थांबे घेत 16 तारखेला गोव्यात दाबोळीला उतरले. त्या तुकडीचं नेतृत्व अरुण प्रकाश यांच्याकडं होतं, जे पुढं नौदलप्रमुख झाले. हॅरिअर हे लहान चणीचं, थोड्या इंधनाचं विमान. त्यानं समुद्र आणि वाळवंट ओलांडत तुकड्यातुकड्यांनी घरी येणं ही वैमानिकांच्या चिकाटीची गोष्ट आहे.

राफेलनं ती रीत आणखी पुढं नेली. 27 जुलै 2020 ला पाच राफेल बोर्दोजवळच्या मेरिन्याकहून निघाले, संयुक्त अरब अमिरातीतल्या अल धफ्रा तळावर एक मुक्काम केला आणि 29 तारखेला अंबाल्याला उतरले. सात हजार किलोमीटरांची वाट. नेतृत्व ग्रुप कॅप्टन हरकिरत सिंग यांचं. पहिल्या टप्प्यात फ्रेंच वायुदलाचं इंधनवाहू विमान बरोबर होतं आणि तीस हजार फुटांवर राफेलनी त्याच्याकडून इंधन घेतलं. अरबी समुद्रावर आयएनएस कोलकाता या युद्धनौकेनं रेडिओवरून त्यांचं स्वागत केलं, पुढं दोन सुखोई त्यांच्या दोन्ही अंगांना आले. नोव्हेंबरात दुसऱ्या तुकडीतले तीन राफेल तर फ्रान्सच्या इस्त्रहून कुठंही न टेकता थेट जामनगरला आले, वाटेत तीनदा हवेत इंधन घेऊन. अशा प्रवासामागं किती देशांचा होकार असतो, याचा हिशेब मांडून पाहावा. इंधन देणारं विमान मित्राचं, मुक्कामाचा तळ मित्राचा, आकाश मित्रांचं. ज्याला असे मित्र आहेत त्याचं विमान उडत येतं. ज्याच्या वाटेत हिमालय आणि चीन आहे, त्याला रुस्लान लागतो.

तिसरी वाट समुद्राची. आपली पहिली मिग-21 विमानं 1963 मध्ये जहाजातून, खोक्यांत बंद होऊन मुंबईला आली, इथं जोडली गेली आणि मग चंदीगडला गेली. 2020 मध्ये ब्राझीलचं पहिलं ग्रिपेनही स्वीडनहून जहाजानंच नावेगांतीस बंदरात आलं, आणि तिथून विमानतळापर्यंत गावातल्या रस्त्यावरून ओढत नेलं गेलं. जहाज स्वस्त असतं, पण आठवडे लागतात, खारी हवा लागते. रुस्लान महाग, पण कारखान्याच्या धावपट्टीवरून उचलतो आणि तळाच्या धावपट्टीवर ठेवतो.

डिसेंबर 2009 मध्ये तो दाबोळीलाही येऊन गेला. ज्या तळावर हॅरिअर उडत आले होते तिथंच नौदलाची मिग-29के विमानं मॉस्कोजवळच्या लुखोवित्सीहून सुट्या भागांत त्याच्या पोटातून उतरली. 2007 मध्ये मलेशियाची सुखोई त्यानं त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोंग केडाक तळावर नेऊन सोडली. आणि 2011 मध्ये त्यानं उलटा फेरा केला. पुण्यात सुरुवातीला आलेली सुखोई-30के विमानं, एकूण अठरा, करारानुसार परत द्यायची होती. त्यांचे पंख पुन्हा उतरले, रुस्लानच्या पोटात ती पुन्हा चढली आणि बेलारूसमधल्या बारानोविची इथल्या दुरुस्ती कारखान्यात जाऊन उतरली. त्यातली बारा पुढं अंगोलाला विकली गेली. पुण्याच्या आकाशात वाढलेली विमानं आता आफ्रिकेच्या आकाशात आहेत.

हे सगळं सुरळीत पार पडलं असं वाचताना वाटतं. पण एक दिवस असा आहे, जो रुस्लानच्या चरित्रातून वगळता येत नाही. 6 डिसेंबर 1997. लोहगावच्या सोहळ्याला सहा महिनेही झाले नव्हते. तोच इर्कुत्स्कचा कारखाना, तीच धावपट्टी. व्हिएतनामनं विकत घेतलेली दोन सुखोई-27 पोटात बांधून एक रुस्लान कडाक्याच्या थंडीत निघाला. जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच एकामागून एक अशी चारपैकी तीन इंजिनं बंद पडली. धावपट्टीच्या पलीकडंच वस्ती होती. विमान एका रहिवासी इमारतीवर कोसळलं. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून 72 जीव गेले. इंजिनं का थांबली, यावर आजही एकमत नाही. त्या जागी आता एक चर्च आहे.

जी माणसं त्या इमारतीत राहत होती, त्यांचा त्या व्यवहाराशी काय संबंध होता? कोणता देश कोणाला विमानं विकतो, त्याच्या किमती काय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. शनिवार होता, दुपारची वेळ होती, माणसं घरात होती. शस्त्रांचा व्यापार म्हटलं की मरण त्या शस्त्राच्या तोंडाशी असतं असं आपण धरून चालतो. इथं ते पंखसुद्धा न लावलेल्या विमानांबरोबर, मालाची खेप म्हणून आलं. रुस्लानवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच हे लिहिल्याशिवाय त्याच्याबद्दल पुढं लिहिता येत नाही.

सोव्हिएत संघ तुटला तेव्हा रुस्लानचं घरही दुभंगलं. आराखडा आणि इंजिन कीवकडं आणि झापोरिझियाकडं, बरीचशी विमानं रशियाकडं. तरी पुष्कळ वर्षं दोघांनी मिळून त्याला सांभाळलं. कीवची अंतोनोव एअरलाइन्स आणि उल्यानोव्स्कची व्होल्गा-द्नेपर या दोन कंपन्या 2006 पासून दहा वर्षं एकत्र कंपनी करून त्याला जगभर भाड्यानं देत होत्या. उपग्रह, पाणबुड्यांचे भाग, रेल्वेची इंजिनं, वीजघरांची जनित्रं, काय वाटेल ते त्यानं वाहिलं. मे 2021 मध्ये, आपल्याकडं माणसं श्वासासाठी तडफडत होती तेव्हा, बेलफास्टहून 18-18 टनांची तीन ऑक्सिजन संयंत्रं आणि एक हजार व्हेंटिलेटर घेऊन दिल्लीला उतरलेलं विमान हेच. ती बातमी मी कशी वाचली हे मला शब्दांत सांगता येणार नाही.

2014 नंतर ही भागीदारी विरली. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि कीवजवळचा होस्तोमेलचा तळ, रुस्लानचं आणि त्याच्याहून मोठ्या म्रिया विमानाचं घर, पहिल्याच दिवशी रणांगण झाला. म्रिया तिथंच हँगरमध्ये जळून गेलं. युक्रेनचे वाचलेले रुस्लान जर्मनीतल्या लाइपझिगहून काम करू लागले. त्यांतल्या काहींच्या अंगावर बुचा, इरपीन अशी, मार खाल्लेल्या गावांची नावं आहेत: बुचासारखे धीट व्हा, इरपीनसारखे धीट व्हा. रशियन कंपनीचा एक रुस्लान हल्ल्यानंतर तीन दिवसांनी टोरंटोला माल घेऊन उतरला होता. कॅनडानं आकाश बंद केलं आणि तो तिथंच अडकला. 2023 मध्ये कॅनडा सरकारनं तो जप्त केला. ज्या दोन देशांच्या माणसांनी मिळून हे विमान उभं केलं, त्यांतल्या एकाची विमानं परक्या तळावर आसऱ्याला आणि दुसऱ्याचं विमान परक्या तळावर कैदेत.

काम मात्र थांबलेलं नाही. 22 जुलै 2025 ला भारतीय लष्कराची पहिली तीन अपाची हेलिकॉप्टरं हिंडन तळावर उतरली ती युक्रेनच्या रुस्लानमधून. लढाऊ विमानं असोत की हेलिकॉप्टरं, स्वतः उडत येऊ न शकणाऱ्यांना उचलून आणणारं याच्या तोडीचं दुसरं विमान आज भाड्यानं मिळत नाही. नवे रुस्लान बनून वीस वर्षं उलटली. जे उरले आहेत त्यांची इंजिनं दुरुस्त करणारे हात झापोरिझियात आहेत, आणि झापोरिझियावर अजून क्षेपणास्त्रं पडतात.

त्याच जुलैत, हिंडनच्या खेपेआधी अकरा दिवस, कीवमध्ये युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडलेला एक रुस्लान उडाला. हल्ल्याचे भोंगे वाजत असताना त्याची दुरुस्ती चालू ठेवली गेली होती. ज्या देशाच्या आकाशात तीन वर्षं एकही नागरी विमान उडालं नव्हतं, त्या आकाशातून तो निघाला आणि त्याच दिवशी लाइपझिगला आपल्या भावंडांत जाऊन मिळाला.